साहेबांनी फडकं वाळत घातलं

भोंग्याला त्या दिवशी तोंड उघडायची बंदी होती. मांजराला दुधाच्या पातेल्याच्या राखणीला बसवणं त्यापेक्षा सोपं गेलं असतं.

भोंगा हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. ती जन्मली तेव्हा अशी काही रडली म्हणे, की शेजारच्या खोलीतल्या बाईचं बाळ दचकून आधीच बाहेर आलं. शाळेत प्रार्थना सुरू व्हायच्या आधी बाई तिच्याजवळ येऊन हळूच सांगायच्या, "तू नुसते ओठ हलव हं." आणि भोंगा बिचारी शेवटच्या रांगेत माशासारखे ओठ हलवत उभी राहायची. पण हे सगळं गेल्या वर्षापर्यंत. या वर्षी ती नववीत गेली, मावशीच्या केंद्रात यायला लागली, आणि तिथं तिला कळलं की आपल्या गळ्यात जे आहे ते लपवायचं नसतं, वाजवायचं असतं. तेव्हापासून ती जी वाजायला लागली होती ती थांबायचं नाव घेत नव्हती.

आणि आज नेमकी बंदी.

"एक अक्षर नाही," मावशीनं सकाळीच बजावलं. "साहेब आले की चहा द्यायचा, बिस्किटं द्यायची आणि भिंतीसारखं उभं राहायचं. तू तोंड उघडलंस की गल्लीची सगळी गुपितं घरंगळत बाहेर येतात. आज एक शब्द जरी कानावर आला ना, तर उद्यापासून तू पथकात नाहीस."

"पण मावशी, त्यांनी काही विचारलं तर?"

"मान हलवायची."

"आणि मान हलवून भागलं नाही तर?"

"भोंग्या!"

"बरं बरं. भिंत. मी भिंत."

मावशीचं केंद्र म्हणजे शिंपीकाकांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, खुर्च्या, कपाट आणि गल्लीकडे उघडणारी मोठी खिडकी. मागच्या खोलीत फोन, दोन खाटा आणि दाराला आतून लागणारी जाडजूड कडी. ज्या बाईला घरात मार बसतो तिनं इथं यायचं, बोलायचं, बोलवत नसेल तर नुसतं बसायचं, आणि परत जावंसं वाटलं नाही तर मागच्या खोलीत राहायचं. सध्या तिथं इस्त्रीवाली ताई राहत होती. नवऱ्याच्या घरातून निघताना तिनं फक्त स्वतःची इस्त्री उचलली होती, तीही तापलेली. म्हणून कोणी अडवलं नाही.

या खोल्यांचं भाडं सरकारी अनुदानातून भागायचं. यंदा मात्र विभागानं कळवलं होतं, आधी तपासणी, मग अनुदान. अनुदान नाही तर भाडं नाही, भाडं नाही तर कडी नाही, आणि कडी नाही तर इस्त्रीवाल्या ताईनं जायचं कुठं? ताईनं त्या धास्तीत केंद्रातल्या यच्चयावत कापडाला इस्त्री केली होती. पडदे झाले, टेबलावरचं कापड झालं, शेवटी तिनं वर्तमानपत्रालासुद्धा सोडलं नाही.

आता पथक म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं पाणी तिथंच मुरतं.

केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला मावशी एक पिवळंधमक फडकं द्यायची. साधं, ओटा पुसायचं. नवरा कितीही संशयी असो, फडक्यावर संशय घेणारा नवरा अजून जन्माला यायचाय. बहुतेकांनी तर फडकं कधी जवळून पाहिलेलंच नसतं. घरात आवाज चढायला लागला, हात उगारला जायला लागला, की बाईनं वाद घालायचा नाही, काही नाही, ते फडकं खिडकीत वाळत घालायचं. गल्लीत कोणाच्या ना कोणाच्या नजरेला ते पडायचंच. मग भोंगा गच्चीवरून आरोळी ठोकायची, "साखर संपलीऽऽऽ!"

आणि गल्ली निघायची मागायला.

पहिले शिंपीकाका. गळ्यात टेप, हातात कप. "वाटीभर साखर मिळेल का?" ते जातात न जातात तोच घड्याळवाल्या काकू, "चिमटा आहे का हो, बारीक?" त्यांच्या मागून पहिलवान, खांद्यावर शिडी घेऊन. "शिडी आणलीय." नवरा म्हणायचा, "मी कुठं मागितली?" पहिलवान अगदी नम्रपणे विचारायचा, "मग ठेवू कुठं?" आणि शिडी ठेवायला जागा शोधत सगळं घर फिरायचा. कोणी भांडायचं नाही, कोणी उपदेश करायचा नाही, फक्त दार वाजत राहायचं. मावशी म्हणायची, राग म्हणजे उतू जाणारं दूध, कोणी येऊन सारखी फुंकर घातली की बसतं खाली. आणि ज्या बाईला घर सोडायचंच असेल, तिनं मागायला आलेल्या कोणाही बरोबर सरळ बाहेर पडायचं.

पथकाचे दोन नियम होते. एक, मागितलेली वस्तू दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन परत करायची, कारण परत करायला गेलं की आत डोकावता येतं. दुसरा, फडकं दिसून एकदम गायब झालं तर चालत नाही, पळत जायचं. कारण ते कोणीतरी ओढून काढलेलं असतं.

हे सगळं सरकारला सांगता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण विभागाला चांगलं काम दिसलं की ते फोटोसकट छापून चौकाचौकांत लावायची खोड होती. आणि चौकात कोण उभे असतात? नवरे! म्हणून मावशीनं हिशेबात एवढंच लिहिलं होतं: स्वच्छतेचं साहित्य, फडकी, पिवळी.

साहेब आले. उंच, काटकुळे, बगलेत चामडी बॅग. मागच्या दाराच्या फटीतून इस्त्रीवाल्या ताईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुटपुटली, "कॉलर बरी आहे. बाहीची मात्र वाट लावलीय."

साहेबांना जगातली प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या रकान्यात बसलेली लागायची.

"खुर्च्या?"

"आहेत," मावशी म्हणाली.

"भिंतीवर तक्ते?"

"हे काय, आहेत."

"छान. रकाना भरला." साहेबांनी पान उलटलं आणि त्यांच्या भुवया कपाळावर चढल्या. "मॅडम, ही फडकी?"

"स्वच्छतेसाठी."

"दोन खोल्यांना? अहो, एवढ्या फडक्यांत मी आमचं मुख्यालय पुसून काढीन, जिन्यासकट!"

"धूळ फार येते हो आमच्याकडे."

"मॅडम," साहेब दुखावल्यासारखे म्हणाले, "हिंसाचार पुसून टाकू, असं भाषणात म्हणायचं असतं. खरोखरची फडकी घ्यायची नसतात."

भोंग्याच्या पोटातून हसू जे निघालं ते तिनं दातांत चावून धरलं. मावशीनं कपाटातलं एक कोरं फडकं साहेबांपुढं ठेवलं, जणू ते पाहून त्यांचं समाधान होईल.

"मला कारण हवंय," साहेब म्हणाले. "पटेल असं. नाही पटलं तर नामंजूर लिहावं लागेल. माझाही नाइलाज आहे."

मावशीनं मागच्या दाराकडे पाहिलं. फटीतला डोळा पटकन मिटला. आणि मावशी काही बोलणार, तेवढ्यात आतला फोन वाजला. फोन वाजला की सरकारलाही थांबावं लागतं, हा मावशीचा शिरस्ता. "आलेच," म्हणून ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

राहिले साहेब आणि भिंत.

भिंतीनं चहा पुढं केला. साहेब एका हातानं फडकं उलटंपालटं करून बघत होते, दुसऱ्या हातानं कप घेत होते, आणि त्यांची नजर हिशेबावर होती. एका वेळी तीन कामं सरकारी माणसानं करू नयेत. कप कलंडला, चहा साहेबांच्या पॅंटवर. "अरे अरे अरे!" साहेबांनी हातात होतं त्यानंच पॅंट पुसली, टेबल पुसलं, बॅग पुसली. मग ते फडकं पाहून म्हणाले, "पुसतं मात्र बरं." आणि उठून, व्यवस्थित झटकून, खिडकीच्या गजांवर वाळत घातलं.

भोंग्याचे डोळे बटाट्याएवढे झाले.

तिनं दोन्ही हात हलवले. खिडकीकडे बोट केलं. मग गल्लीकडे. मग गळ्यावर हात ठेवला, मग जमिनीवर पाय आपटला. साहेब बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा एकदम लोण्यासारखा मऊ झाला.

"बोलता येत नाही का, बाळा?"

नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार. तिनं मान अशी हलवली की तिचा अर्थ हो, नाही आणि मान अवघडलीय असा काहीही होईल.

"मी. साहेब," साहेब छातीवर बोट ठेवून हळूहळू, मोठ्यानं म्हणाले. "सर. कार. कळ. तं. का?"

भोंग्यानं तो नाद सोडला आणि धावत जाऊन फडकं ओढून काढलं.

"अं हं! ओ. लं. आहे." साहेबांनी तिच्या हातून ते अलगद घेतलं आणि परत गजांवर पसरलं. तिनं परत काढलं. त्यांनी परत घातलं. "गरीब पोर," ते स्वतःशी म्हणाले, "खेळायला कोणी नसेल."

समोरच्या दुकानात घड्याळवाल्या काकू एका डोळ्याला भिंग लावून कोणाच्यातरी घड्याळाच्या पोटात शिरल्या होत्या. त्यांनी मान वर केली. भिंगातून त्यांना दिसलं फडकं, तेही हत्तीएवढं. केंद्राच्याच खिडकीत! मग ते गायब झालं. परत दिसलं. परत गायब. परत दिसलं. असं गल्लीच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. याचा अर्थ एकच, इस्त्रीवाल्या ताईचा नवरा केंद्रात घुसलाय, आणि आत मारामारी जुंपलीय. आरोळी ठोकायला भोंगा गच्चीवर नव्हती, तेव्हा पहिलवानानं ठोकली. पहिलवानाचं शरीर कपाटाएवढं आणि आवाज पिपाणीचा. "शाकल शंपली," असं काहीतरी गल्लीतून तरंगत गेलं, पण पोचलं.

दार वाजलं. शिंपीकाका.

"नमस्कार," काका म्हणाले. त्यांनी हातातला कप पुढं केला. "साखर आहे का?"

"साखर?" साहेबांनी ट्रेकडे पाहिलं. "आहे. पण तुम्ही कोण?"

"मी खालचा शिंपी. मावशी कुठं आहेत?"

"आत."

"आत? दार लावून?"

"हो, मघापासून."

काकांनी मागच्या दाराकडे पाहिलं. "आणि ही आमची पोर गप्प का?"

"तिला बोलता येत नाही," साहेब हळहळून म्हणाले.

काकांच्या हातून कप सुटायचाच राहिला. "भोंग्याला? बोलता येत नाही? अहो, सकाळी तर येत होतं! काय केलंत तुम्ही तिला?"

भोंग्यानं जोरजोरात मान हलवली. काकांना वाटलं, पोर भेदरलीय. पण नियम म्हणजे नियम, भांडायचं नाही, मागायचं. त्यांनी स्वतःला आवरलं आणि करड्या आवाजात विचारलं, "मग... गूळ आहे का?"

तेवढ्यात घड्याळवाल्या काकू आल्या. भिंग डोळ्यावर तसंच. "चिमटा आहे का हो?" त्या मोठ्या केलेल्या डोळ्यानं साहेबांना टोचत म्हणाल्या. त्यांच्या मागून मागच्या गल्लीतली मंडळी, कोणी वाटी घेऊन, कोणी बादली. एक आजोबा उशी मागायला आले होते. पहिलवान शिडीसकट दारात उभा राहिला.

"शिडी आणलीय."

"मी शिडी मागितलेली नाही!" साहेब म्हणाले.

"मग ठेवू कुठं?"

"ही मागणी लेखी आहे का? एकेकानं बोला! तुम्हाला चिमटा कशाला? उशी? ऑफिसात उशी? अहो, बाहेर व्हा, बाहेर!" साहेबांचा आवाज चढला. ही मोठी चूक. आवाज चढला की पथकानं एक पाऊल पुढं यायचं असतं. सगळे एक पाऊल पुढं आले. साहेब टेबलाला टेकले, समोर कप, वाट्या आणि बादल्यांचा अर्धगोल.

मागचं दार उघडलं. "हे काय चाललंय?" मावशी म्हणाली.

"मावशी, तुम्ही बऱ्या आहात ना?" शिंपीकाकांनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

"हा इस्त्रीवाल्या ताईंचा नवरा ना?" काकू म्हणाल्या.

"कोणाचा? अहो, हे अनुदानाचे साहेब!"

"अनुदानाचे साहेब फडकं कशाला लावतील?"

मावशीनं खिडकीकडे पाहिलं. मग भोंग्याकडे. भोंग्यानं दोन्ही हात पसरून स्वतःकडे बोट दाखवलं: भिंत. तूच म्हणालीस. मावशीनं कपाळावर हात मारला. सगळे एकाच वेळी बोलायला लागले, आणि त्या कालव्यात मावशी सांगत होती, "अहो ऐका, फोन मध्येच तुटलाय, ती बाई पत्ता सांगत होती, आवाज ओळखीचा वाटला..." पण ऐकतंय कोण!

भोंगा खिडकीशी होती. म्हणून फक्त तिलाच दिसलं.

समोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, बँकेतल्या वहिनींच्या खिडकीत एक पिवळं फडकं. वहिनी मागच्याच आठवड्यात केंद्रात येऊन फडकं घेऊन गेल्या होत्या. "चांगली पुसतात म्हणे," एवढंच म्हणाल्या. कारण तेव्हा शेजारी त्यांचे मिस्टर उभे होते, मधाळ भावोजी. अख्खी गल्ली त्यांना मधाळच म्हणायची, इतकं गोड बोलायचे, की त्यांच्याशी बोलल्यावर चूळ भरावीशी वाटायची. वहिनींना तर सगळे म्हणायचे, नशीब काढलंत बाई!

भोंगा बघत असताना पडद्यामागून एक हात आला आणि फडकं आत ओढलं गेलं.

बोललं की पथकातून नाव कटणार. पथक म्हणजे तर तिचं सगळं. पण वहिनींची खिडकी आता रिकामी होती, आणि पथक इथं साहेबांकडे उशी मागत उभं होतं. भोंग्यानं छाती भरून घेतली.

"साखर संपलीऽऽऽऽऽ!"

कप खाली पडले. बादली गडगडली. साहेबांचा चष्मा नाकावरून घसरला. खोलीत असं चिडीचूप झालं की खालच्या दुकानातलं कारागिराचं शिलाई मशीन थबकलेलं ऐकू आलं.

"हिला... हिला वाचा फुटली," साहेब पुटपुटले.

"वहिनी!" भोंगा ओरडली. "बँकेतल्या वहिनी! ओढून घेतलं फडकं! पळा!"

सगळे पळाले, आणि तिथंच घोळ झाला. पहिलवान वळला, पण शिडी वळली नाही. दारात ती अशी आडवी अडकली की पहिलवान बाहेर आणि पथक आत. मागून लोक ढकलत होते, पहिलवान पिपाणीच्या आवाजात "उचला, नाही, दाबा, नाही, उचला!" म्हणत होता. शिडीखालून जाण्याइतके बारीक त्या खोलीत दोघंच होते.

"चला काका!" भोंग्यानं साहेबांचा हात धरला.

"मी? कुठं? माझी बॅग!"

"बॅगेसकट चला!"

जिन्यावरून उतरता उतरता, रस्ता ओलांडता ओलांडता आणि समोरचा जिना चढता चढता भोंग्यानं त्यांना फडकं, पथक, साखर, नियम, नवरे आणि चौकातले फोटो हे सगळं एका श्वासात सांगून टाकलं. तिला कित्येक तासांचं बोलायचं साठलेलंच होतं. साहेब धापा टाकत होते. वरच्या मजल्यावर पोचल्यावर त्यांनी फक्त एकच विचारलं.

"पण मी मागू काय?"

"काहीही! घरात असेल ते!" आणि तिनं घंटी दाबली.

बराच वेळ काही नाही. मग दार उघडलं. मधाळ भावोजी. भांग नीट पाडलेला, ओठांवर पाक.

"अरे वा, पाहुणे! काय सेवा करू?"

साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं. भोंग्यानं त्यांना कोपरानं ढोसलं.

"किसणी," साहेब म्हणाले.

"काय?"

"किसणी हवी आहे. शासकीय कामासाठी."

"हा हा, मजा करताय. पण आत्ता आम्ही जरा..."

भावोजी दार लोटायला लागले. आणि मग साहेबांनी जे केलं ते बघून भोंग्याचा ऊर भरून आला. त्यांनी बॅग दारात ठेवली, खिशातून पेन काढलं आणि तपासणी सुरू केली.

"किसणी स्टीलची की पत्र्याची? भोकं बारीक की मोठी? दांडा आहे? तो पक्का आहे की हलतो? वापरणारी व्यक्ती कोण? तुम्ही स्वतः कधी किसता का? नाही? का नाही? वापरणाऱ्या व्यक्तीलाच विचारावं लागेल. बोलवा त्यांना."

पाक आटायला लागला. "अहो, ती जरा बरं नाही म्हणून पडलीय."

"मग त्याचाही रकाना आहे," साहेब म्हणाले.

भावोजींच्या मागं वहिनी आल्या. केस सुटलेले, उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरलेला. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा हातात किसणी होती आणि खांद्याला पर्स.

"ही किसणी जरा हट्टी आहे," वहिनी म्हणाल्या. आवाज कापत होता, पण पाय नाही. "कशी धरायची ते मी दाखवायलाच येते."

"अगं, आत्ता कुठं चाललीस?" भावोजी अजून गोडच बोलत होते, फक्त दात एकमेकांपासून सुटत नव्हते.

"किसायला," साहेबांनी त्यांना बजावलं. "सरकारी काम आहे. वेळ लागतो. वाट बघू नका."

वहिनी बाहेर आल्या. खालून धाडधाड पावलं वाजत आली, शिडी सुटली होती. अख्खं पथक जिन्यात भिंतीला चिकटून उभं राहिलं आणि वहिनींना वाट करून दिली. कोणी काही विचारलं नाही. वहिनी खाली गेल्यावर मात्र भावोजींच्या दारात रांग लागली.

"वाटीभर साखर मिळेल का?"

"चिमटा आहे का हो?"

"शिडी आणलीय. ठेवू कुठं?"

केंद्रात परतल्यावर साहेब खुर्चीवर बसले आणि गार झालेला उरलासुरला चहा त्यांनी एका घोटात संपवला. मागच्या खोलीची कडी लागल्याचा आवाज आला तशी त्यांनी मान वर केली.

"मॅडम, हे मी लिहिलं, तर ते छापतील."

"माहितेय," मावशी म्हणाली.

"आणि नाही लिहिलं, तर फडक्यांना कारण राहत नाही."

यावर बोलणार कोण, तर जिचं नाव पथकातून आधीच कटलं होतं ती. तिला आता कशाची भीती?

"काका, फडकी चांगली पुसतात असं लिहा ना," भोंगा म्हणाली. "तुम्हीच म्हणालात मघाशी. खोटं कुठंय त्यात?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या पॅंटकडे. चहाचा डाग खरंच दिसत नव्हता. त्यांनी बॅग उचलली, सगळ्यांना नमस्कार केला आणि मंजूर की नामंजूर, एक अवाक्षर न काढता निघून गेले. घाईत किसणीही बॅगेत गेली.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती हुरहुर. इस्त्रीवाल्या ताईनं काळजीपायी मोजेसुद्धा इस्त्री केले. दुसऱ्या खाटेवर आता वहिनी होत्या. त्या रोज बँकेत जायच्या आणि तिथून थेट इथंच यायच्या. न्यायला, आणायला पहिलवान, शिडीविना. भावोजी एकदोनदा खाली येऊन गोड बोलून बघून गेले, पण शिंपीकाकांनी त्यांचं माप घ्यायला सुरुवात केली आणि ते संपवलंच नाही. मावशीनं भोंग्याला पथकातून काढलं नव्हतं, पण काढलं नाही असंही म्हटलं नव्हतं. ती फक्त अधूनमधून म्हणायची, "भिंत म्हणे, भिंत!" आणि हसू दाबत आत जायची.

मग एका संध्याकाळी दार वाजलं. साहेब. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"अनुदान?" मावशीनं विचारलं.

"थांबा, आधीचं काम आधी." साहेब सरळ वहिनींकडे गेले आणि त्यांनी कागद सोडला. किसणी, घासूनपुसून लख्ख. "मागितलेली वस्तू स्वतः परत करायची असते ना? ही मी कुठल्या रकान्यात बसवू, शेवटपर्यंत कळलं नाही." मग पथकाचा नियम पाळावा तसं त्यांनी वहिनींच्या खांद्यावरून मागच्या खोलीत डोकावून पाहिलं. "बरं आहे ना?"

"बरं आहे," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. भोंग्यानं त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"हो, आणि अनुदान मंजूर झालं," साहेब म्हणाले, जसं काही पाऊस थांबला म्हणून सांगावं. "परिसर अतिशय स्वच्छ, असा शेरा दिलाय मी. पुढच्या वर्षी फडकी दुप्पट घ्या. फोटो मागवलाय त्यांनी, तर एखाद्या चकचकीत ओट्याचा पाठवा."

इस्त्रीवाली ताई मटकन खाटेवर बसली, इस्त्री नेमकी हातात होती म्हणून परत ताडकन उठली.

"शिवाय केंद्रात आलेल्या एका मुलीला वाचा फुटली, हेही लिहिलंय. मुख्यालयात फार हलले लोक."

"पण काका, मी तर आधीपासूनच..."

"भोंग्या!" मावशी म्हणाली. "भिंत!" आणि मग तिच्या पाठीवर थाप मारून, "पथकातली भिंत."

साहेब निघाले, पण दारात घुटमळले. बॅगेचा पट्टा उगाच ओढत म्हणाले, "मॅडम, एक फडकं मिळेल का? आमच्या इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर... भिंतीतून ऐकू येतं. इतकी वर्षं मी रेडिओ मोठा करत आलो."

मावशीनं एक कोरं फडकं त्यांच्या हातावर ठेवलं.

"आणि साखर, काका?" भोंग्यानं विचारलं. "आरोळी कोण ठोकणार तिथं?"

"मीच ठोकीन. साखर संपली," साहेब म्हणाले, अर्ज वाचून दाखवावा तसं.

"अहो, असं नाही! पोटातून, काका, पोटातून! छाती भरून घ्या. शेवट लांबवायचा. हं, आता!"

साहेबांनी बॅग खाली ठेवली, डोळे मिटले, छाती भरून घेतली, आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "साखर संपलीऽऽऽऽ!"

समोरच्या दुकानात घड्याळवाल्या काकूंनी भिंगासकट मान वर केली. खाली शिलाई मशीन थांबलं. आणि साहेबांनी डोळे उघडले तेव्हा जिन्यावर खालपासून वरपर्यंत कप घेऊन माणसं उभी होती, सगळ्यात मागं पहिलवान, त्याच्या खांद्यावर शिडी, आणि ती जिन्याच्या वळणात अडकलेली.